उकडा भात शिजेपर्यंत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे मुलांसाठी हेल्दी सलाडचं एक अख्खं पान आलं होतं, फोटो एकदम झकास, रंगीबेरंगी वाट्या, बाजूला हसणारी मुलं. ते पान मी कापून फ्रीजवर लावलं आणि त्यातलं एक सलाड करून पण बघितलं, म्हणून हे पत्र. राग वगैरे नाही, आमच्याकडे तुमचाच पेपर येतो आणि पुढेही येईल, पण थोडं बोलायचंय. पत्र लांबलंय हे आधीच कबूल करते, कात्री लावायची तर लावा, फक्त भाताचं जे लिहिलंय ते तेवढं कापू नका.

त्या पानावर साहित्य काय होतं तर लेट्यूस, ब्रोकोली, चेरी टोमॅटो, ऑलिव्ह आणि मेयोनीज. आम्ही राहतो कुडाळ तालुक्यात, गावात. बुधवारच्या कुडाळच्या बाजारात जी भाजी येते ती बरीचशी घाटावरनं येते, बेळगाव कोल्हापूरकडनं, आणि घाट उतरून आमच्या पिशवीत पडेपर्यंत पालेभाजीने मान टाकलेली असते. ब्रोकोली शोधून शोधून एका दुकानात मिळाली, अर्धी पिवळी पडलेली, पण म्हटलं मुलांसाठी आहे तर घेऊया. लेट्यूसच्या जागी कोबी, ऑलिव्हच्या जागी काहीच नाही. मेयोनीजची बाटली मात्र अगदी सहज मिळाली, ती आता सगळीकडे मिळते. रात्री ताटात वाढलं तर सासूबाई म्हणाल्या, "ह्यो काय गो पालो? गुरांका घालूचो हा?" थोरल्याने (वय ९) मेयोनीज चाटून घेतलं आणि कोबीचे तुकडे ताटाच्या कडेने रांगेत लावून ठेवले, धाकटीने (वय ५) ब्रोकोलीला झाड म्हटलं आणि ते पाण्याच्या पेल्यात नेऊन लावलं. आमच्या ह्यांनी एक घास खाल्ला आणि बांगडा कुठाय म्हणून विचारलं. झालं, संपलं सलाड.

मग मी मेयोनीजच्या बाटलीच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचलं तर पहिलंच नाव तेलाचं. म्हणजे मुलाने हेल्दी सलाडमधनं नेमकं तेल तेवढं खाल्लं होतं.

माझं माहेर अलिबागकडचं, सासर इथलं, म्हणजे दोन्हीकडच्या पानात डाव्या बाजूला काय वाढतात ते मी लहानपणापासून बघत आलेय. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आमटी. आता आमच्या घरात आणि आजूबाजूच्या बहुतेक घरात ती डावी बाजू फक्त सणावाराला आणि लग्नाच्या पंगतीला उरलीय, रोज रात्री काय तर भात, माशाची कढी नाहीतर डाळ, एखादा तळलेला तुकडा, संपलं. कोशिंबीर करायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती पंधरा मिनिटं संध्याकाळी कुणाकडेच नसतात, माझ्याकडेही नव्हती, खोटं कशाला बोलू. पण सलाड म्हणून आपण जे बाहेरनं आणायला निघालोय ते आपल्याच पानातनं आपणच काढून टाकलेलं आहे, हे त्या पानावर कुठेतरी यायला हवं होतं असं मला वाटलं.

आता भाताचं. आमच्याकडे रात्री उकड्या तांदळाचा भात असतो. ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, तो कुकरच्या तीन शिट्ट्यात होणारा प्रकार नाही, टोपात आधण ठेवायचं, तांदूळ वैरायचे, मग तो आपल्या मनाने शिजतो, पाऊण तास तरी धरा, मग पेज काढून वेळायचा. तर हा भात चुलीवर असतो ती वेळ म्हणजे साडेसात ते सव्वाआठ, आणि नेमकी ह्याच वेळेला आमची दोन्ही मुलं "आई भूक" करत किचनमध्ये घुटमळतात. आधी मी काय करायचे तर हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर वाटीभर फरसाण द्यायचे, म्हणजे ती गप बसतील. ती गप बसायची आणि सव्वाआठला पानावर बसली की भूक नाही म्हणायची, मग भाजी नको, कोशिंबीर नको, नुसता भात आणि तुकडा. आणि मी सगळ्यांना सांगत सुटायचे की आमची मुलं भाजीला हातच लावत नाहीत. लावतील कशी, पोट फरसाणाने भरलेलं.

सलाडचा अख्खा प्रश्न माझ्यापुरता तिथे सुटला. साडेसातला भाताचं आधण ठेवलं की फरसाणाचा डबा वरच्या फळीवर आणि खाली पाटावर एक ताट, त्यात जे काय घरात असेल ते, काकडीच्या लांब फोडी, गाजर, कोवळा मुळा, पेरू, वाटीत कोशिंबीर. जेवायला या असं म्हणायचं नाही, खा असं पण म्हणायचं नाही, भात व्हायचाय अजून एवढंच म्हणायचं. पहिल्या दिवशी दोघांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे. दहा मिनिटांनी काकडी संपली. तीच काकडी जेवताना पानात वाढली असती तर चार तास तशीच पडली असती, हे मी लिहून देते. भुकेच्या वेळी समोर दुसरं काही नसलं की मूल खातं, ह्यात माझं काही कौतुक नाही, उकड्या भाताचं आहे. (कुकरवाल्यांनी भात थोडा उशिरा लावावा.)

हां, एक महत्त्वाचं, गाजराच्या गोल चकत्या आणि अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षाच्या आतल्या मुलाला देऊ नका, घशात अडकतात. बारक्यांना गाजर किसून द्यायचं आणि दाण्याचं कूट करायचं. त्या पानावर अख्खे चेरी टोमॅटो आणि द्राक्षं दाखवली होती, ती पण बारक्यांसाठी उभी चिरूनच द्यायला हवीत, अशी सूचना चौकटीत टाकली असती तर बरं झालं असतं.

आता कोशिंबिरीचं. पावसात आमच्या मांडवावर तवशी लागतात, म्हणजे पावसाळी मोठ्या काकड्या. कोवळी असली तर कोचवायची (बारीक चिरायची), जून झाली तर बिया काढून किसायची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शीतल नावाची काकडी काढलीय ती आमच्याकडच्या पावसाला धरून चांगली होते, बी मिळालं तर लावा. चिरायच्या आधी देठाकडचा तुकडा मोठ्या माणसाने चाखून बघायचा, कडू लागली तर ती काकडी सरळ टाकून द्यायची, "खा गप, काही होत नाही" असं मुलाला सांगायचं नाही, एक तर अति कडू काकडी दुधी पोटाला खरंच बरं नाही आणि दुसरं म्हणजे एकदा कडू घास गेला की ते मूल सहा महिने काकडीचं नाव घेत नाही. आमच्या थोरल्याचं असंच झालं होतं.

कोचवलेल्या काकडीत ओलं खोबरं, भाजलेल्या दाण्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू. मीठ अगदी शेवटी, वाटी समोर ठेवताना, कारण मीठ घातलं की काकडी पाणी सोडते, अर्ध्या तासात कोशिंबिरीची आमटी होते आणि मग ती पाणचट झाली म्हणून आपण आणखी मीठ घालतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक लहान चमचा, तेही सगळं धरून, मुलांना त्याहून कमी. आमच्याकडे पापड, लोणचं, सुका मासा ह्यातनंच तो चमचा कधीच पार होतो. म्हणून मुलांच्या वाटीत मी मीठ जवळजवळ घालतच नाही, लिंबू आणि खोबरं असलं की त्यांना कळत पण नाही. साखर चिमूटभर घालायचे, आता तीही सोडली, त्याऐवजी पेरू किंवा डाळिंबाचे दाणे. फोडणी मात्र सोडू नका. तुपाची नाहीतर खोबरेल तेलाची चमचाभर फोडणी, जिरं हिंग कढीपत्ता, ती कोशिंबिरीवर चुर्र करून पडली की दोघं जिथे असतील तिथनं धावत येतात, वास आधी पोचतो. गाजराला तर ती लागतेच, गाजरातलं जे अ जीवनसत्त्व म्हणतात ते स्निग्धाबरोबरच अंगाला लागतं, कोरडं गाजर चघळून तेवढा फायदा नाही. मिरची फोडणीत घालायची नाही, आधी मुलांच्या वाट्या बाजूला काढायच्या, मग मोठ्यांसाठी वेगळी मिरची परतून वरनं.

दह्यावरनं आमच्याकडे महाभारत झालं. सासूबाईंचं म्हणणं, "रातचा दही खाव नको, तवसा थंड असता, पोरांका सर्दी जातली." माझं म्हणणं सर्दी व्हायरसने होते, काकडीने नाही. आणि मासे असले की दही चालतच नाही त्यांना. दोन दिवस बोलणं बंद. शेवटी त्यांनीच तोड काढली आणि ती माझ्या दह्यापेक्षा भारी निघाली हे मान्य करावं लागेल. नारळाचा घट्ट रस काढला, त्यात आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातलं अगदी दोन चमचे, आणि त्यात किसलेलं तवसं आणि गाजर. रंग गुलाबी, चव सोलकढीची, आणि आमची मुलं सोलकढीसाठी कधीही तयार. आगळात मीठ असतंच त्यामुळे वेगळं घालायचं नाही. किती रस किती आगळ म्हणून मी माप विचारलं तर म्हणाल्या, "माप कसला? हाताक कळता." म्हणून माप देऊ शकत नाही, तुम्हीच चाखत चाखत करा. ड्रेसिंग म्हणतात ते हेच, मला विचाराल तर.

बीटाचा किस्सा सांगायलाच हवा. बीट उकडून किसून दह्यात कालवलं की कोशिंबीर अशी काही गुलाबी होते की धाकटीने दोन वाट्या खाल्ल्या, मला वाटलं जिंकलो. सकाळी बाथरूममधनं किंचाळी, "आई, रगात!" घर गोळा झालं. बीटाने काहीजणांना लघवी लालसर होते, घाबरायचं काही नसतं, पण हे मला आदल्या रात्री माहिती असतं तर सासूबाईंनी आंगणातनं देवाला हाका मारल्या नसत्या. तर बीट जरूर द्या आणि मुलांना आधी सांगून ठेवा.

मोड आलेली कडधान्यं सगळेच सांगतात. मूग, चवळी, कुळीथ पण. पण पावसाळ्यात आमच्या दमट हवेत फडक्यात बांधलेले मूग दुसऱ्या दिवशी चिकट होतात, आंबूस वास मारतात, तसे झाले तर टाकूनच द्यायचे, आणि चांगले असले तरी मुलांना कच्चे द्यायचे नाहीत, दोन वाफा काढूनच द्यायचे, उन्हाळ्यात पण तसंच. मोड येतात त्या उबेतच जंतू पण वाढतात. वाफवून गार झाले की कच्ची कैरी किसून नाहीतर लिंबू पिळून, कारण आंबटाबरोबर कडधान्यातलं लोह अंगाला जास्त लागतं, आणि लिंबू वाफेवर असताना नाही पिळायचं, त्यातलं क जीवनसत्त्व गरमात जातं. मार्च एप्रिलात ओले काजूगर असले तर चार त्यात टाकायचे, मग मुलं काजू शोधायच्या नादात मूग खातात. महाग पडतात, पण ज्यांच्या परड्यात काजू आहे त्यांना काय.

माहेरचा पांढरा कांदा पण ह्यातच सांगते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला जीआय मानांकन मिळालंय, माळा करून विकतात, तिखटपणा कमी, गोडसर. मुलं लाल कांद्याला नाक मुरडतात पण हा कच्चा खातात. माझा भाऊ येताना दोन माळा आणतो, त्या पडवीत टांगलेल्या असतात आणि थोरला येता जाता एक ओढतो. पांढरा कांदा, टोमॅटो आणि भाजलेला सुका जवळा (बारीक कोलंबीचाच प्रकार), वर खोबरं आणि आमसुलाचं पाणी, म्हणजे आमच्याकडचं किसमूर, त्याला पण मी सलाडच म्हणणार. जवळा धुऊन पुसून मंद गॅसवर कुरकुरीत भाजायचा, जेवायला बसतानाच कालवायचा. दुकानातल्या पुड्यातल्या कुरकुरीत वस्तूंना आमच्या घरात टक्कर दिली असेल तर ह्यानेच दिली. ज्यांना कोलंबीची अॅलर्जी आहे त्यांनी अर्थात लांब राहायचं.

आंब्याच्या दिवसात सासव करतो, मोहरी खोबरं वाटून पिकल्या आंब्यात, गूळ घालून. मुलं वाडगा चाटून पुसून ठेवतात. पण त्याला मी सलाडमध्ये धरत नाही, गूळ बघितला की कळतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. धाकटीला मुळा नको होता, नको म्हणजे तोंडाजवळ नेला तरी रडायची. कुठेतरी वाचलं होतं की नवी चव मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा कुठे ते ती स्वीकारतं, आणि आपण आया तिसऱ्या वेळीच "हिला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळ्या होतो. मी कालनिर्णयवर टिंबं करायला लागले. मुळ्याची एकच लांब फोड ताटात, खाल्ली तर खाल्ली, नाही तर मी खायचे, बोलायचं काही नाही. मार्गशीर्षात सुरू केलं. सातव्या टिंबाला तिने वास घेतला. नवव्याला चाटून ठेवली. अकराव्याला खाल्ली आणि "तिखट हा" म्हणून दुसरी मागितली. आता मुळ्याच्या पाल्याची कोशिंबीर पण खाते, बारीक चिरून खोबऱ्यात कालवलेली. कारल्याला मात्र वीस टिंबं झाली, ते सोडलं मी.

आणि कामाला लावायचं. धाकटी कोथिंबीर निवडते, लिंबू पिळते (निम्मं अंगावर), डाळिंब सोलते. थोरला किसणीवर गाजर किसतो, शेवटचा तुकडा टाकून द्यायचा ह्या अटीवर, कारण बोटं जातात. सासूबाई आडाळ्यावर नारळ खवतात आणि खवता खवता दोघांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवतात. स्वतः किसलेलं गाजर मूल नको म्हणत नाही, इज्जतीचा प्रश्न होतो. वेळ दुप्पट लागतो आणि किचनची वाट लागते, पण भात शिजायचाच असतो.

धुण्याबद्दल पण लिहायचं होतं. पावसात पालेभाजीत माती अळ्या सगळंच असतं, वाहत्या पाण्याखाली पान पान सोडवून धुवा, आणि चिरायच्या आधी धुवा, चिरून पाण्यात टाकून ठेवली की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. वर्षातनं दोनदा, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, शाळेत अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती मुलांना घेऊ द्या, त्या दिवशी घरी ठेवू नका. कच्चं खाणाऱ्या घरात तर नक्कीच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या, त्यात मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरलीत. मी एक दिवस हौसेने आमच्या घरातलं वजन केलं, पाच माणसात मिळून पाऊण किलो भरलं, त्यातही बटाटे होते, जे जागतिक आरोग्य संघटना भाजीत मोजतच नाही. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, ती खरंच पडली पोटात तरी घरी बरीच उरते भरून काढायला. आमच्या मुलांच्या शाळेत परसबाग आहे, मागच्या वर्षी मुलांनी लावलेली वाली आणि मुळे आले, आणि घरी भाजी न खाणारी पोरं तिथे मुळा उपटून मातीसकट खायला निघाली होती म्हणे, बाईंनी धुवायला लावला.

तर साहेब, माझी विनंती एवढीच की पुरवणीचं पान पुन्हा काढाल तेव्हा एखाद्या रविवारी किनाऱ्यावरच्या वाचकांना विचारा, पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत, कुणाच्या घरात रात्री मुलं कच्चं काय खातात. रेसिपीला माप नसेल, फोटो तेवढे चकचकीत नसतील, काहीजणी मालवणीत लिहून पाठवतील, ते तसंच छापा. श्रावणात कुडाळच्या बाजारात जे दिसतं तेच पानावर दिसलं तर आम्ही करू. आणि साहित्यात मेयोनीज लिहायचं असेलच तर त्याच्यापुढे तेल म्हणून लिहा.

आपली,
एक वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

ता. क. चिबडाचं राहिलंच. गणपतीच्या सुमारास चिबूड (खरबुजासारखं फळ) आपोआप फुटला की घरभर वास सुटतो, त्याच्या फोडी भात शिजताना द्या, नुसत्या, गूळ नको. आणि ती ब्रोकोली धाकटीने पेल्यात लावली होती ना, ती तिने चार दिवस पाणी बदलून जपली, मग सासूबाईंनी गाईला घातली. गाईने खाल्ली.